खाऱ्या वाऱ्यातली माउंटन बाईक: घेताना, चालवताना, बांधताना

दोन पावसाळे मी सायकलचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, एकदाही फ्रेममधून बाहेर काढला नव्हता. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात भाचा आला, त्याच्यासाठी सीट खाली करायला गेलो तर नळी जागची हलेना. आधी हाताने, मग हातोडीने, मग शेजाऱ्यांच्या सल्ल्याने. शेवटी बाजारातल्या सायकलवाल्या काकांकडे नेली. त्यांनी फटीत गंज सोडवायचं तेल सोडलं आणि रात्रभर ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सीट काढून पोस्टचं टोक व्हाइसमध्ये आवळलं आणि अख्खी फ्रेमच दोन्ही हातांनी धरून जात्यासारखी फिरवली. दार करकरावं तसा आवाज झाला आणि नळी सुटली. तिच्या अंगावर पांढऱ्या पिठाचा थर होता.

"वर्षातनं दोनदा तरी काढायची ओ ही," काका म्हणाले. "पुसायची, ग्रीस लावायचं, परत घालायची. होडीवाल्यांना विचारा, ते सांगतील."

ते पीठ म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये लोखंडी नळी बसवली आणि मधे खारं पाणी शिरलं की दोन धातूंची छोटी बॅटरी तयार होते, तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची भुकटी फुगून नळी जाम करते. शहरात लिहिलेल्या खरेदीच्या सल्ल्यांत गिअरची संख्या असते, सस्पेन्शन असतं, मीठ नसतं. आपल्या कोकणात मात्र सायकल घेण्यापासून कुलूप निवडण्यापर्यंत प्रत्येक पायरीवर मीठ, चढ आणि पाऊस हे तिघे हजर असतात. चौथा प्रश्न असा की तो भाग तालुक्याच्या बाजारात मिळतो का. हे चार प्रश्न विचारले की दुकानातली निम्मी चकचकीत नावं आपोआप गळतात.

आधी रस्ता लिहून काढा

किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सरळ दिसतो, पायाला तसा लागत नाही. खाडी आली की उतरायचं, पूल ओलांडायचा, की परत सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढायचं. रत्नागिरीहून पावसच्या बाजूला जाणाऱ्याला भाट्याच्या पुलावर खारा वारा तोंडावर येतो आणि गोळपच्या सड्यावर तोच वारा आडवा लागतो. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशी फेरीबोट रोजच्या वाटेत असेल तर तुषारांचं मीठ वेगळं.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक आठवडा वहीत नोंद ठेवा: डांबर किती, जांभ्याची लाल वाट किती, कुठल्या चढाला उतरावं लागतं, सायकल दिवसाचे किती तास कुठे उभी असते आणि तिथून समुद्र किती लांब. सगळा प्रवास डांबरावरचा असेल तर खरं म्हणजे माउंटन बाईक नकोच. रिजिड फोर्क (पुढचं चाक धरणारा, स्प्रिंग नसलेला चिमटा) आणि चाळीसेक मिलिमीटर रुंद टायरची हायब्रीड, म्हणजे रस्त्याची आणि माउंटनची मधली सायकल, पुरते आणि हलकी पडते. पण घरापर्यंतचा शेवटचा टप्पा लाल खडीचा असेल, पावसात साकवावरून जात असेल, तर रुंद टायरची माउंटन बाईक घ्या. मागचं सस्पेन्शन नसलेली. स्वस्तातली डबल सस्पेन्शनची सायकल कोणी फुकट दिली तरी मी रोजच्या कामाला वापरणार नाही. ती जड असते, चढावर पायाची काही ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते आणि मागच्या सांध्यातले बुश पहिल्या पावसाळ्यानंतर कुरकुरायला लागतात.

मापाची घाई करू नका. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून फ्रेमच्या वरच्या नळीवर उभे राहा, मधे चार-पाच सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. सीटची उंची टाचेने ठरवा: टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हावा, मग चवड्याने चालवताना गुडघा जेवढा हवा तेवढाच वाकतो. दुकानदार म्हणेल, "मोठी घ्या, पोरगा वाढतोय." पोराला आज चालवायची आहे.

पैसे कुठे घालायचे

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यात वाचलेले पैसे वरच्या मॉडेलमध्ये घालण्याचा मोह होतो. तसं न करता ते मडगार्ड, कुलूप आणि दिव्यांसाठी बाजूला काढा. माझा हिशोब साधा आहे: एकूण रकमेतला पाचवा हिस्सा सायकल सोडून बाकीच्या वस्तूंसाठी राखायचा. सायकलमध्येही पहिला खर्च ब्रेकवर, दुसरा चाकांवर, तिसरा गिअरवर. फोर्क शेवटी.

फ्रेम ॲल्युमिनियमचीच घ्या. लोखंडी फ्रेम वाईट नसते, वेल्डिंगवाला ती गावात जोडून देतो ही मोठी सोय आहे. पण ती आतून गंजते आणि बाहेरून कळत नाही. घरात लोखंडी असेल तर सीटपोस्ट काढून नळीत पातळ तेल सोडा, सायकल आडवी-तिडवी फिरवून ते आत पसरवा आणि क्रँकच्या (पॅडलच्या दांड्यांच्या) खालचं छोटं भोक चिखलाने बुजलेलं नाही ना ते बघा. आत शिरलेलं पावसाचं पाणी तिथूनच निघून जातं.

गिअर: आकडा नको, भागाकार करा

'एकवीस गिअर' हे वाक्य ऐकलं की मला वजनकाट्याखाली बोट घालणारा दुकानदार आठवतो. एकवीसमधले कितीतरी गिअर एकमेकांसारखेच पडतात. बघायचा आहे तो सगळ्यात हलका गिअर. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दात मोजा आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राच्या दातांनी भागा.

२७.५ इंची चाकाला २.१ इंची टायर असेल तर चाकाचा एक फेरा साधारण २.१५ मीटरचा होतो. पुढे २८ आणि मागे ३४ दात असतील तर भागाकार ०.८२, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेदोन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी सुमारे साडेसहा किलोमीटर. पुढे २२ आणि मागे ३४ असेल तर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी पाच. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण भाजीची पिशवी कॅरियरला बांधून खाडीतून सड्यावर चढताना हाच फरक ठरवतो की तुम्ही सीटवर असाल की सायकल ढकलत असाल. आमच्या चढांसाठी भागाकार ०.७५ च्या खाली हवा, असं माझं मत आहे. पुढे एकच ३२ दातांचं चक्र आणि मागे ४६ असलेली नवी रचना ०.७० देते आणि पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा), त्याची केबल, त्याचा शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) ही गंजणारी तीन ठिकाणं कमी करते. परवडत असेल तर ती घ्या.

मागचं चक्र 'फ्रीव्हील' आहे की 'कॅसेट' हे दुकानात विचारलं तर दोन्हीला "हो" असं उत्तर मिळतं. स्वतः ओळखा. मागचं चाक उचला, चक्रं उलटी फिरवा आणि मधल्या खाचांच्या कड्याकडे बघा. कडं चक्रांबरोबर फिरलं तर कॅसेट, स्थिर राहिलं तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग आत राहतं आणि एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, बराच भाग आधाराविना बाहेर येतो, म्हणून खड्ड्यांत वजनाखाली एक्सल वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, बेअरिंग जवळजवळ टोकाला असतं. रोज दोन-तीन किलोमीटर चालवणार असाल तर फ्रीव्हील चालेल, स्वस्त आहे आणि गावात मिळतं. रोज वीस किलोमीटर, शिवाय कॅरियर आणि ओझं असेल तर कॅसेटच.

मागे सात-आठ चक्रं असलेल्या सायकलची चेन आणि केबल तालुक्याला मिळतात. अकरा-बाराच्या चेनसाठी कुरिअरची वाट बघावी लागते आणि ऐन जुलैत ती वाट लांबते. शिमानोची टूर्नी ही सगळ्यात खालची मालिका. तिच्या वर आल्टस, असेरा, अलिव्हिओ आणि देओरे. २०२३ मध्ये आलेल्या क्यूज मालिकेत वेगापेक्षा टिकाऊपणाकडे लक्ष दिलं आहे, आणि रोजच्या सायकलला हवं आहे ते नेमकं हेच. पण आल्टस आणि असेरावरही आपलं काम भागतं. आमच्याकडे डिरेलर झिजून मरत नाही, गंजलेल्या केबलमुळे मरतो. केबल स्टेनलेसची लावून घ्या, आणि दर सप्टेंबरात केबल आणि आउटर (तिच्यावरची नळी) दोन्ही बदला. फक्त आतली तार बदलून उपयोग नाही, आउटरच्या आत लाल चिखलाची पेस्ट झालेली असते.

चेन कधी बदलायची यासाठी यंत्र लागत नाही, पोलादी पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि १२ इंचांवर बघा. नव्या चेनमध्ये तिथे बरोबर पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटर पुढे सरकला असेल तर चेन बदला. आळस केला तर ती ताणलेली चेन मागची चक्रं खाते आणि मग दोन्हीचा खर्च एकदम येतो.

ब्रेक

माउंटन बाईकच्या जन्मातच ब्रेकची गोष्ट आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुणांनी जुन्या जड सायकली डोंगराच्या कच्च्या रस्त्यावरून खाली पिटाळायच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना पॅडल उलटं मारून लागणारा ब्रेक मागच्या हबमध्ये असे. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं.

यात किती उष्णता असते याचा अंदाज घरी करता येतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन १०० मीटर खाली येतं आणि सगळा वेग ब्रेकने मारला जातो असं धरलं, तर सुमारे ७८ हजार ज्यूल उष्णता तयार होते. पाव लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी. थोडी वाऱ्याने जाते, बाकीची तुमच्या पॅडमध्ये आणि डिस्कमध्ये. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरायचा असेल तर यावरून काय ते समजा. म्हणून उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. दोन्ही ब्रेक जोरात, थोडा वेळ, मग सोडून गार होऊ द्या, परत दाबा.

रिमला लागणारा व्ही-ब्रेक सोपा आणि स्वस्त, पण पावसात लाल चिखल पॅड आणि रिममध्ये अडकून पॉलिश पेपरसारखं काम करतो. रिमच्या कडेवरून बोट फिरवा. खोलगट लागली तर रिम संपत आली. डिस्क ब्रेकमध्ये केबलवाला आणि तेलावरचा असे दोन प्रकार आहेत. शहरातले लोक सांगतात, गावात केबलचा घ्या, दुरुस्तीला सोपा. मला उलटं वाटतं. केबलच्या ब्रेकची केबल गंजते, मग लिव्हर जड होतो आणि चालवणाऱ्याला ते महिनाभर कळतही नाही. तेलाचा ब्रेक बंद असतो, मीठ आत शिरत नाही, आणि पावसात दोन बोटांनी लागतो. मिनरल ऑइलवर चालणारा साधा हायड्रॉलिक ब्रेक घ्या. तेलात शिरलेली हवा काढायची वेळ येईल तेव्हा मोठ्या गावात न्यावा लागेल, पण नीट वापरला तर ती वेळ दर महिन्याला येत नाही.

पॅड घेताना डिस्कवर कोरलेली अक्षरं वाचा. बऱ्याच स्वस्त डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली', म्हणजे फक्त रेझिनचे पॅड लावा, असं लिहिलेलं असतं. त्यावर धातूचे पॅड लावले तर डिस्क झिजते. चिखलात धातूचे पॅड जास्त टिकतात खरे, पण मग डिस्कही तशी हवी. पॅडवरचा थर अर्धा मिलिमीटर उरला की बदला, पावसाळ्यात दर रविवारी बघा. आणि चेनला स्प्रे मारताना डिस्कवर जुना टॉवेल टाका. एक थेंब तेल पडलं की पॅड फेकायचे, दुसरा उपाय नाही. मी एकदा पॅड गॅसवर भाजून बघितले. वास तीन दिवस स्वयंपाकघरात होता, ब्रेक काही लागला नाही, आणि घरातली बोलणी अजून चालू आहेत.

टायर आणि फोर्क

२.१ इंच रुंद, मधे सलग पट्टा आणि कडेला गोट्या असलेला टायर आपल्याला बरोबर बसतो. डांबरावर गुणगुणत नाही, लाल वाटेवर धरतो. साठ-सत्तर किलोच्या माणसाने मागे ३५ ते ४० आणि पुढे त्याहून पाचेक पीएसआय कमी हवा भरावी. टायरच्या कडेवरची कमाल मर्यादा ओलांडू नये. पंक्चरवाला मोटारसायकलच्या सवयीने दाबून दगड करून देतो, त्याला थांबवा. योग्य हवेचा टायर हाच खरा सस्पेन्शन. आणि शेवाळ धरलेल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, जगातला कुठलाच टायर धरत नाही. तिथे उतरा.

करवंदीचे काटे बारमाही, पण पावसात पंक्चर जास्त होतात याचं कारण वेगळं आहे: ओल्या रबराला काच सहज चिरते, पाणी तिथे वंगणासारखं काम करतं. मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची ट्यूब घ्या, कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, ॲलन की आणि चेनची एक क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी. पंप फ्रेमला.

चाक डबल वॉल रिमचंच हवं. ओळख सोपी: टायर-ट्यूब काढून आत बघा, स्पोकच्या नटांची डोकी थेट ट्यूबखाली दिसत असतील तर सिंगल वॉल. तसं चाक लवकर आउट होतं, म्हणजे डुलायला लागतं.

फोर्कबद्दल थोडक्यात. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो, त्याच्या नळ्यांवर खारा वारा ठिपके पाडतो आणि मग सील फाटतं. दुकानात बहुतेक सायकलींना तो असतोच, त्यामुळे भांडण्यात अर्थ नाही. लॉकआउट, म्हणजे स्प्रिंग बंद करायचा खटका, असलेला घ्या, चढावर बंद करा, आणि नळ्या रोज कोरड्या फडक्याने पुसा.

मीठ

जूनमध्ये स्वयंपाकघरातला मिठाचा डबा पाझरतो ना, तेच सायकलवर होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळतं. किनाऱ्यावर आर्द्रता वर्षातले कितीतरी दिवस त्याच्या वरच असते. म्हणजे पडवीत कोरडी दिसणारी सायकल रात्रभर खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात उभी असते. म्हणून समुद्राकाठून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याच्या दोन बादल्या तिच्यावर ओता. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पाइप नको. तो पाणी सील भेदून बेअरिंगमधल्या छर्ऱ्यांपर्यंत पोचवतो. मग पुसा, चेन कोरडी होऊ द्या, प्रत्येक सांध्याला एक थेंब तेल, पाच मिनिटांनी वरचं सगळं तेल पुसून टाका. पावसात दाट 'वेट' तेल, ऑक्टोबरनंतर 'ड्राय'. निळ्या डब्यातला पातळ स्प्रे गंज सोडवायला चांगला, वंगण म्हणून आठवडाही टिकत नाही. खोबरेल तेल डोक्याला.

पुळणीवरून सायकल नेऊ नका असं मी लिहिणार होतो, पण ओहोटीच्या घट्ट वाळूवर संध्याकाळी कोण थांबतो? न्या. फक्त बादल्या विसरू नका.

ग्रीस बंदरावरून आणा. मिरकरवाड्यात, हर्णैला होडीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथलं पाण्याला दाद न देणारं ग्रीस सीटपोस्टला, पॅडलच्या आट्यांना आणि प्रत्येक बोल्टला लावा. स्टेनलेसचे बोल्टही तिथे मिळतात. डोक्यावर ए-४ कोरलेला बोल्ट ए-२ पेक्षा खाऱ्या पाण्यात जास्त टिकतो, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं. ते कॅरियर, मडगार्ड, बाटलीचा स्टँड यांना खुशाल लावा. हँडल, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आणि ब्रेक यांना मात्र लावू नका. ए-२ किंवा ए-४ च्या पुढे ७० लिहिलेला स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कल ताण सोसतो, तर तिथल्या मूळ काळ्या बोल्टवर बहुतेक वेळा १२.९ लिहिलेलं असतं आणि तो १२०० सोसतो. काळा बोल्ट गंजतो. गंजला की तसाच नवा काळा बोल्ट ग्रीस लावून बसवायचा.

पावसाळ्यानंतर एकदा ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं उघडून साफ करून ग्रीस भरणं, करून घ्या, पण समोर उभे राहून. छर्रे जुनेच पुसून घातले की नवे, हे तिथेच कळतं. आणि ताडपत्री घालून सायकल झाकू नका, आत घाम धरतो. पडवीत वारा खेळेल अशी टांगा.

मडगार्ड पूर्ण लांबीचे. हेल्मेटवर ईएन १०७८ या युरोपीय मानकाची खूण बघा, एकदा पडलात की ते बदला. मागे लाल लुकलुकता दिवा, पुढे ४०० लुमेनचा. सड्यावर रात्री रस्त्यात बसलेली गुरं दिसायला तेवढा लागतोच.

कुलूप

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या सायकलचं चेनचं कुलूप उघडेना. किल्ली आत जाई, फिरत नसे. सायकल बाजारात एका जिन्याच्या लोखंडी कठड्याला बांधलेली, वरून पाऊस. शेवटी जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. त्याने वायर ओढून ग्राइंडर आणला, ठिणग्या उडाल्या, मी मनात आकडे मोजत होतो. चाळीसच्या आत चेन दोन तुकडे होऊन खाली पडली. येणारे-जाणारे थांबून "काय झालं?" एवढंच विचारत होते. सायकल कोणाची, हे एकानेही विचारलं नाही.

त्या चाळीस सेकंदांत दोन गोष्टी समजल्या. ग्राइंडरपुढे रोज वापरायचं कुठलंही कुलूप टिकत नाही, त्यामुळे 'न तुटणारं' शोधण्यात पैसे घालू नयेत. आणि आमच्याकडे कुलपाचा पहिला शत्रू मीठ आहे. किल्लीच्या भोकाला झाकण असलेलं कुलूप घ्या, बांधताना भोक खाली करा, महिन्यातून एकदा आत ग्रॅफाइटची पूड किंवा टेफ्लॉनचा स्प्रे मारा. जाड तेल नको, त्यात लाल माती बसते. दुसरी किल्ली घरी, खुंटीवर.

वायरचं कुलूप एकटं कधीच वापरू नका. आत बारीक तारा असतात, हातातल्या कटरने फळभाजी चिरावी तशा जातात. यू-लॉक किंवा कडक पोलादाची चेन, जाडी १२ मिलिमीटरच्या आसपास. गोल नळीसारख्या किल्लीची जुनी कुलपं टाळा. २००४ मध्ये अमेरिकेत लोकांनी तशी कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडून दाखवली आणि कंपन्यांना ती बदलून द्यावी लागली.

बांधायची रीत अशी. यू-लॉक मागच्या चाकाच्या रिममधून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत घालून खांबाला अडकवा. शेल्डन ब्राऊन या अमेरिकन मेकॅनिकने ही पद्धत रूढ केली. फ्रेमच्या नळीभोवती कुलूप नसलं तरी चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघू शकत नाही, म्हणून सायकलही निघत नाही, आणि लहान हलकं यू-लॉक पुरतं. पुढच्या चाकाला वायर, ती यू-लॉकमध्ये ओवलेली. इथे वायर चालेल, कारण ती दुसरं कुलूप आहे.

खांब हलवून बघा. बाजारातले कितीतरी पाइप नुसते फरशीत खोचलेले असतात, वर उचलले की हातात. दुकानाच्या शटरचा चॅनल चांगला, दुकानदाराला विचारून. माडाला बांधायचा विचार सोडा: खोडाला वेढा घालण्यातच चेन संपते, आणि वरून नारळ पडला तर चोराची गरजच उरत नाही.

चाक आणि सीट यांचे क्विक रिलीजचे खटके म्हणजे चोराला दिलेलं आमंत्रण. हा खटका इटलीच्या तुलिओ कॅम्पान्योलोने १९३० च्या सुमारास शर्यतवाल्यांसाठी काढला. बाजारात जाणाऱ्याला त्याची गरज नाही. माझी सीट पोस्टसकट एका आठवडा बाजारात अशीच गेली आणि मी सहा किलोमीटर उभ्याने पॅडल मारत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सगळे खटके काढून ॲलनचे बोल्ट लावले. सीटच्या बोल्टच्या खाचेत मेणाचा गोळा दाबून ठेवा, पाणी शिरत नाही आणि उचल्याची पाच मिनिटं मेण खरवडण्यात जातात.

घरीही बांधा. वाडीतलं कोणी नेणार नाही हे खरं, पण गणपतीत आणि शिमग्यात खळ्यात निम्मे चेहरे अनोळखी असतात.

नंबर

सायकल घेतली त्याच दिवशी ती उलटी करा. क्रँकखाली फ्रेमवर कोरलेला नंबर असतो. चिखल पुसा, फोटो काढा, बिलावर तो नंबर दुकानदाराकडून लिहून घ्या, बिलाचाही फोटो काढून स्वतःलाच पाठवा. पूर्ण सायकलचा उजव्या बाजूने एक, आणि एखादा ओरखडा किंवा स्टिकर दिसेल असा जवळून एक. आपला फोन नंबर लिहिलेली प्लास्टिकमधली चिठ्ठी सीटच्या नळीत सोडून द्या. वर्षातून दोनदा नळी काढायचीच आहे, तेव्हा ती ठीक आहे का तेही बघून होईल.

गेलीच, तर आधी आसपास बघा, मग पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवा. चोरीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३०३ आहे, १ जुलै २०२४ पासून. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर 'झिरो एफआयआर' म्हणा, ती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. नुसत्या अर्जाची पोच घेऊन घरी येऊ नका, एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

जुनी सायकल विकत घेतानाही हेच उलट्या क्रमाने. आधी उलटी करून नंबर बघा, मग बिल मागा, मग सीटपोस्ट वर-खाली होतो का बघा. पोस्ट जाम असेल तर तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या. नंबरावर कानस मारलेली दिसली तर भाव न विचारता सायकल जागेवर ठेवून द्या.